हातमोज्यातला रियाज

अंगावर घालायच्या उपकरणांनी रंगमंचावरचा आवाज, प्रकाश आणि चित्रं चालवण्याचा खटाटोप आता नवा राहिलेला नाही. हातमोजे, मनगटी पट्टे, बोटातल्या अंगठ्या, स्नायूंवर चिकटवलेले इलेक्ट्रोड, अंगभर सेन्सर बसवलेले सूट असं बरंच काही गेल्या चाळीसेक वर्षांत मंचावर येऊन गेलं. दर वेळी त्याची ओळख जवळपास त्याच शब्दांत करून दिली गेली: कलावंत आणि वाद्य यांच्यामध्ये आता काही उरलेलं नाही, शरीर हेच वाद्य. आणि बहुतेक वेळा चार-पाच वर्षांत ते उपकरण कपाटात गेलं, ते बनवणारी कंपनी दुसऱ्या धंद्याला लागली. मोजकी उपकरणं मात्र टिकली, वीस-वीस वर्षं वाजत राहिली. हा फरक कशाने पडला, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. सेन्सर किती सूक्ष्म होते किंवा सॉफ्टवेअर किती हुशार होतं यावर तो ठरला, असं पुरावा पाहता वाटत नाही. उपकरण बदलायचं कधी थांबलं आणि कलावंताला त्यावर किती वर्षं रियाज करता आला, यावर तो ठरला, असं माझं म्हणणं आहे.

याची पहिली साक्ष अंगावर न घालण्याच्या, किंबहुना हातही न लावण्याच्या वाद्याकडून मिळते. रशियन संशोधक लेव्ह तेर्मेन यांनी १९२० च्या सुमारास बनवलेल्या थेरमिनला दोन अँटेना असतात. उभ्या अँटेनाजवळ एक हात नेला की स्वर चढतो, आडव्या कड्याजवळ दुसरा हात नेला की आवाज बारीक होतो. हात जवळ आल्याने विद्युतमंडलाची धारिता बदलते आणि त्या बदलाचा सूर होतो, एवढीच त्यातली युक्ती. अमेरिकेत आरसीए कंपनीने १९२९ मध्ये ते बाजारात आणलं, तेव्हा ज्याला गुणगुणता येतं त्याला ते वाजवता येईल असा जाहिरातीचा सूर होता. सुमारे पाचशे नग बनले आणि प्रकरण तिथेच थांबलं. मंदीचा फटका होताच, पण दुसरं कारण वाद्यातच होतं. त्याला पडदा नाही, तार नाही, पट्टी नाही. हात कुठे थांबवायचा हे सांगणारं काहीच नाही. ज्याला सोपं म्हटलं ते वाद्य आजवरच्या अवघड वाद्यांपैकी एक निघालं. ते खऱ्या अर्थाने कुणी वाजवलं असेल तर विल्नियसमध्ये जन्मलेल्या क्लारा रॉकमोर यांनी. हाताच्या दुखण्यामुळे त्यांचं व्हायोलिन सुटलं होतं. हवेतल्या हवेत बोटं मिटण्या-उघडण्याचे ठरावीक टप्पे त्यांनी बसवले आणि त्या टप्प्यांवर स्वरांतरं पक्की केली. मान हलली तरी सूर हलतो, म्हणून बाकीचं शरीर त्या पूर्ण स्थिर ठेवत. तेर्मेनकडून त्यांनी वाद्यात सुधारणाही करून घेतल्या, तीन सप्तकांची पाच करून घेतली, आवाज झटकन तोडता येईल अशी सोय करून घेतली. पण त्यानंतर आयुष्यभर तेच वाद्य. त्यांची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये आली तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. त्या ध्वनिमुद्रणात जो सूर ऐकू येतो तो काही दशकं न बदललेल्या यंत्रावर घासून आलेला आहे.

आता अंगावरच्या उपकरणांकडे वळू. हातमोजा उलटा करून पाहिला तर आत फारसं गूढ काही सापडत नाही. प्रत्येक बोटाच्या सांध्यावरून एक लवचीक पट्टी गेलेली असते. प्लास्टिकवर कार्बनच्या शाईचा थर. बोट वाकलं की तो थर ताणला जातो आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. मनगटाच्या मागे एक छोटी चकती असते. तिच्यात त्वरण मोजणारा, फिरण्याचा वेग मोजणारा आणि चुंबकीय दिशा सांगणारा असे तीन तऱ्हेचे सेन्सर असतात. मोबाईल फोनमध्ये हेच भाग लागत असल्याने ते स्वस्त झाले, आणि दोन हजार दहानंतर अशा उपकरणांचं जे पीक आलं त्याचं मोठं कारण हेच. पण प्रत्येक भागाला त्याचा रोग आहे. फिरण्याच्या वेगावरून कोन काढताना बारीक चूक साचत जाते आणि काही मिनिटांनी यंत्राला हात भलतीकडेच वळलेला वाटतो. ती चूक सुधारण्यासाठी चुंबकीय दिशा वापरावी, तर मंचावरचे लोखंडी सांगाडे आणि स्पीकरमधले चुंबक तिलाच फसवतात. बोटावरची पट्टी नेहमी एकाच घडीवर वाकते, म्हणून तिथेच आधी झिजते. स्नायूंचे संकेत घेणारे इलेक्ट्रोड तर त्वचेवर मिलिव्होल्टच्याही अंशात काम करतात. घाम आला, पट्टा अर्धा इंच सरकला की कालचं मोजमाप आज लागू होत नाही. आणि एवढं करून हाती आलेला आकडा वाद्यं आणि संगणक यांना जोडणाऱ्या जुन्या मिडी पद्धतीने पाठवला तर तो ० ते १२७ यांच्यातलाच असतो, म्हणजे हाताच्या सगळ्या हालचालीला १२८ पायऱ्या. या अडचणींची यादी लांबवण्यात अर्थ नाही, कारण यांतल्या बहुतेकांवर चांगला कलावंत मात करू शकतो. अट एकच: अडचण रोज तीच असायला हवी.

हे सर्वांत स्पष्टपणे ओळखलं ते मिशेल वाइसविझ यांनी. अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टाइम या संस्थेत १९८४ मध्ये त्यांनी 'द हँड्स' नावाचं वाद्य मंचावर आणलं. मिडीची प्रमाणपद्धत त्याच्या आदल्याच वर्षी आलेली होती. दोन्ही पंजांना अडकवलेल्या दोन चौकटी, बोटांखाली कळा, हात कलला की कळावं म्हणून पाऱ्याचे स्विच, आणि दोन हातांतलं अंतर मोजणारी अल्ट्रासाउंडची जोडी. आजच्या मानाने ही सामग्री ओबडधोबड वाटेल. वाइसविझ यांना पुढचा मोह कोणता पडणार होता हे उघड आहे: आणखी सेन्सर, आणखी चांगली चौकट, दर वर्षी नवी आवृत्ती. त्यांनी उलट केलं. तांत्रिक फेरफार मुद्दाम गोठवले आणि जे हातात आहे ते वाजवायला शिकायचं ठरवलं. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर चोवीस वर्षांत या वाद्याच्या मोजक्याच आवृत्त्या झाल्या. इलेक्ट्रॉनिक संगीतात श्रम दिसले पाहिजेत, शरीराला काहीतरी ओढावं-ताणावं लागलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा विचार वाटतो. हवेत हात फिरवायला काहीच जोर लागत नाही. म्हणूनच ताणाची भावना कलावंताला स्वतः निर्माण करावी लागते आणि ती वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते. ज्या संस्थेने हे काम जोपासलं ती १९६९ मध्ये सुरू झाली होती आणि अनुदान आटल्यावर अर्धशतकानंतर तिला काम थांबवावं लागलं.

लेटिशिया सोनामी यांची गोष्ट याच वळणाची आहे. १९९१ मध्ये पॉल डीमरिनिस यांच्याबरोबरच्या एका प्रयोगासाठी त्यांनी भांडी घासताना वापरतात तसले रबरी हातमोजे घेतले, बोटांच्या टोकांवर चुंबकीय सेन्सर चिकटवले आणि दुसऱ्या हातावर चुंबक ठेवला. बोट चुंबकाजवळ आणलं की आवाज बदलायचा. पुढे स्टाइमच्या मदतीने बारीक विणीच्या कापडाचा, दंडापर्यंत तारा गेलेला 'लेडीज ग्लोव्ह' तयार झाला. त्याच्या काही आवृत्त्या झाल्या, पण प्रत्येक नवी आवृत्ती जुन्या हाताच्या सवयीवर बेतलेली होती, आणि सोनामी त्यावर दोन दशकांच्या आसपास वाजवत राहिल्या. याच्या शेजारी १९८९ चा मॅटेल कंपनीचा पॉवर ग्लोव्ह ठेवून पाहावा. व्हिडिओ गेमसाठी निघालेला तो मोजा लाखांनी खपला असला तरी लवकरच बाजारातून उठला. प्रयोगशील संगीतकारांनी तो उचलून मोडला-जोडला, काही काळ वाजवला, आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावर ठेवून दिला. खपाच्या आकड्याने वाद्याचं आयुष्य ठरत नाही.

गेल्या दशकात ज्या हातमोज्यांचं सर्वाधिक नाव झालं ते गायिका इमोजन हीप यांचे मिमू. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये इलेना जेसप यांनी गायकासाठी केलेला एक मोजा पाहून हीप यांना ही कल्पना सुचली. ब्रिस्टलचे टॉम मिचेल आणि इतर अभियंते-वेशभूषाकारांबरोबर त्यांनी तो प्रकल्प उभा केला आणि २०११ मध्ये एडिनबरोच्या टेड ग्लोबल परिषदेत तो लोकांसमोर आणला. यातला बारकावा पाहण्यासारखा आहे. मूठ, उघडा पंजा, एक बोट पुढे अशा हाताच्या ठेवणी सॉफ्टवेअर ओळखतं, आणि कोणती ठेवण कोणत्या वेळी काय करील हे गायिका आधी बांधून ठेवते. मुठीत पकडल्यासारखं केलं की गळ्यातून निघालेला सूर मुद्रित होऊन फिरत राहतो, हात उंच नेला की त्यावर घुमारा चढतो, मनगट हवेत आपटलं की ढोलाचा ठोका पडतो. मोज्यातला छोटा दिवा रंग बदलतो आणि एक मोटर थरथरते, त्यावरून आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे तिला कळतं. म्हणजे थेरमिनमध्ये जे नव्हतं ते इथे थोडंफार परत आणलं आहे: हाताला काहीतरी जाणवण्याची सोय. २०१४ मध्ये लोकवर्गणीतून दोन लाख पौंड उभे करण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. गायिका आरियाना ग्रांदे यांनी २०१५ च्या दौऱ्यात हे मोजे वापरले तेव्हा ते मोठमोठ्या स्टेडियमपर्यंत पोचले. ते सर्वसाधारण विक्रीला आले ते आणखी काही वर्षांनी, जोडीला अडीच हजार पौंडांच्या घरात. या दोन वापरांतला फरक मला निर्णायक वाटतो. दौऱ्यातल्या एखाद्या गाण्यात मोजा चमकून जातो, प्रेक्षक त्याला वेशभूषेचा भाग समजतात. हीप यांच्या मैफलीत तो दहा-दहा वर्षं त्याच हातांवर असतो, आणि म्हणून त्यांची पकड गाण्यागणिक अधिक सफाईदार होत गेलेली दिसते.

बाजार या रियाजाला किती वेळ देतो, याचं उत्तर मायो या हातपट्ट्याने दिलं. कॅनडातल्या थॅल्मिक लॅब्सने २०१३ मध्ये त्याची घोषणा केली. कोपराखाली चढवायचा, आठ सेन्सरांनी स्नायूंचे संकेत घेणारा पट्टा, किंमत १९९ डॉलर. त्याआधी स्नायूसंकेतांवर वाजवण्यासाठी बायोम्यूजसारखी प्रयोगशाळेतली महागडी यंत्रणा लागत असे. आता विद्यार्थ्यालाही ती परवडू लागली. नर्तक, वादक, नाट्यप्रयोग करणारे गट, संशोधक, सगळ्यांनी तो घेतला, त्यासाठी रचना केल्या, अभ्यासक्रम बसवले. २०१८ च्या ऑक्टोबरात कंपनीने त्याची विक्री बंद केली. कंपनी नाव बदलून चष्म्यांकडे वळली आणि २०२० मध्ये गूगलने ती विकत घेतली. तेव्हापासून जुना पट्टा आणि जुनं सॉफ्टवेअर जपून ठेवणं एवढंच वापरणाऱ्यांच्या हाती उरलं. सतारीचा कारखाना बंद पडला तरी सतार वाजते. इथे कंपनीने आधार काढला की रचना मुकी होते. कंपनीला दोष देण्यापेक्षा मला वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: कलावंताने ज्याच्यावर हात बसवायचा त्या वस्तूचं आयुष्य कुठल्या कारणाने संपणार आहे, हे विकत घेतानाच विचारायला हवं. नव्या वाद्यांचं काय होतं याचा २०१७ मध्ये फाबियो मोरेआले आणि अँड्र्यू मॅकफर्सन यांनी त्या क्षेत्रातल्या निर्मात्यांनाच विचारून शोध घेतला, तेव्हाही त्यांच्या परिषदेत दाखवलेली अनेक वाद्यं पुढे वाजतच नाहीत असं दिसून आलं. शोधनिबंध छापून आला की वाद्याचं काम झालं, असा तिथला व्यवहार आहे.

उशिराचा मुद्दा इथेच घ्यायला हवा, कारण अभियंत्यांचा सगळा भर त्यावर असतो. हात हलला आणि आवाज आला यांत किती वेळ चालेल? डेव्हिड वेसेल आणि मॅथ्यू राइट यांनी २००२ मध्ये घालून दिलेली मर्यादा आजही प्रमाण मानली जाते: दहा मिलिसेकंदांच्या आत, आणि त्यातला चढउतार एका मिलिसेकंदाहून जास्त नको. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेतून साडेतीन मीटरच्या आसपास जातो. म्हणजे दोन वादक मंचावर तेवढ्या अंतरावर बसले तरी एवढा उशीर होतोच आणि कुणाचं अडत नाही. चर्चमधला ऑर्गन वाजवणारा तर त्याहून कितीतरी मोठ्या उशिरासह वाजवतो, कारण तो उशीर रोज तेवढाच असतो आणि बोटांनी तो हिशेबात धरलेला असतो. शरीर स्थिर दोष शिकून घेतं. बिनतारी दुव्यावर मात्र नाट्यगृह भरलं, शेकडो फोन त्याच लहरींवर बोलू लागले की उशीर क्षणोक्षणी बदलतो. दुपारच्या रिकाम्या तालमीत चोख चालणारा मोजा रात्री अडखळतो तो यामुळे, आणि याला रियाजाचा काही उपाय नाही. कथक करणाऱ्या पायांत शे-दीडशे घुंगरू असतात. तेही अंगावर घातलेलं, हालचालीतून नाद काढणारं उपकरणच आहे. तिथे टाच पडणं आणि नाद येणं यांत उशीर नाही, चढउतार नाही, आणि जोडी जुनी झाली की तशीच दुसरी ओवून मिळते. सेन्सर शिवलेल्या कुठल्याही पैंजणाची तुलना याच्याशी करावी लागेल.

घुंगरांमुळे आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. पाय चुकला तर सगळ्या सभागृहाला ऐकू येतं. जिथे चूक कळते तिथेच कौशल्य कळतं, आणि अंगावरच्या उपकरणांचा प्रेक्षकांशी असलेला मूळ पेच इथे आहे. स्टुअर्ट रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक उपयोगी विभागणी मांडली: कलावंताची क्रिया दिसते की लपलेली आहे, आणि तिचा परिणाम दिसतो की लपलेला आहे. परिणाम दिसतो पण क्रिया लपलेली असते तेव्हा ती जादू वाटते. आताओ तानाका बायोम्यूजवर वाजवतात तेव्हा दंड जवळजवळ हलत नाही, स्नायू मात्र आवळलेला असतो. सभागृह हादरवणारा नाद एका न दिसणाऱ्या ताणातून निघतो. तानाका यांनी तीन दशकांहून जास्त काळ या एकाच तऱ्हेचं वादन केलं आहे, म्हणून तो ताण त्यांच्या चेहऱ्यावर, खांद्यावर, श्वासात येतो आणि प्रेक्षकाला धागा सापडतो. पहिल्यांदा पट्टा बांधलेल्या माणसाकडे हे नसतं. तो हात हलवतो, काहीतरी वाजतं, आणि ते त्याने वाजवलं की संगणकाने, हे ठरवायला प्रेक्षकाकडे काही साधन नसतं. कार्यक्रमाआधी निवेदकाने यंत्र समजावून सांगण्याची जी पद्धत पडली आहे ती या अडचणीची कबुलीच आहे.

यावर रंगभूमीच्या बाजूने येणारा आक्षेप गंभीर आहे. नाटकात कौशल्य दाखवायचं नसतं, भास निर्माण करायचा असतो. मग यंत्र दिसलं नाही तर बिघडलं कुठे? रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१६ च्या नोव्हेंबरात स्ट्रॅटफर्डला केलेलं 'द टेम्पेस्ट' हे यातलं सर्वांत मोठं उदाहरण. एरियल हा वायुरूप सेवक मार्क क्वार्टली साकारत होते. त्यांच्या अंगावरच्या सूटमध्ये सेन्सर होते आणि त्यांच्या हालचालींवरून त्याच क्षणी संगणकी एरियल पडद्यांवर उडत होता. इंटेल आणि इमॅजिनेरियम स्टुडिओबरोबर सुमारे दोन वर्षं ही तयारी चालली होती. प्रोस्पेरोच्या भूमिकेत सायमन रसेल बील होते. आक्षेप घेणाऱ्यांचं इथपर्यंत बरोबर आहे की एरियलसाठी जादूच हवी. पण मग प्रश्न उरतो की ती चित्रं आधी मुद्रित करून ठेवली असती तर प्रेक्षकाला काय कमी पडलं असतं? फरक पडतो तो नटाला: संवाद लांबला, समोरच्याने विराम घेतला तर चित्रही थांबतं. हा लाभ खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. मात्र तो मिळण्यासाठी नटाला दोन शरीरं एकदम सांभाळावी लागतात, एक मंचावरचं आणि एक पडद्यावरचं. ते दुसरं शरीर कळसूत्री बाहुलीइतकं अंगवळणी पडायला एका निर्मितीच्या तालमी पुरणार नाहीत. लंडनला बार्बिकनमध्ये प्रयोग झाले आणि निर्मिती संपली. त्या सूटवर तयार झालेला नट पुढच्या नाटकात तीच विद्या वापरील अशी व्यवस्था कुठेच नव्हती.

नृत्यवाले या बाबतीत जरा आधी शहाणे झाले. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांच्या १९६५ च्या 'व्हेरिएशन्स फाइव्ह'मध्ये मंचावर अँटेना आणि प्रकाशसेन्सर होते. नर्तक जवळ गेले की आवाजाची वाट उघडायची. पण अंतिम आवाज काय आणि किती, हे यंत्रांपाशी बसलेले संगीतकार ठरवत. नर्तकावर वादकाची जबाबदारी टाकली नव्हती. पुढे १९८९ च्या सुमारास मार्क कोनिग्लियो यांनी सांध्यांवर सेन्सर बसवणारा मिडीडान्सर बनवला आणि ट्रॉइका रँच या संस्थेने तो वर्षानुवर्षं वापरला, तेव्हा त्या जबाबदारीचं ओझं दिसू लागलं. गुडघा वाकवल्यावर स्वर येणार असेल तर नर्तक गुडघा नृत्यासाठी वाकवतो की स्वरासाठी? डेन्मार्कचे वेन सीगल यांनीही १९९८ मध्ये हाच पेच नोंदवला: नर्तकाला एकाच वेळी दोन कलांचं भान ठेवावं लागतं. माझ्या मते याला रचनेची पळवाट नाही. एकतर नर्तकाने वादनही शिकायचं, किंवा कनिंगहॅमसारखं ते दुसऱ्याकडे सोपवायचं.

आता सर्वांत ताजा आक्षेप. यंत्रच माणसाला शिकून घेणार असेल तर माणसाने यंत्र शिकायचं कशाला? रेबेका फीब्रिंक यांनी २००९ मध्ये केलेल्या वेकिनेटरमध्ये कलावंत चार-दोन हालचाली आणि त्यांना हवे ते आवाज दाखवतो, मधलं नातं प्रणाली स्वतः जुळवते. मेटा कंपनीने २०२५ मध्ये चष्म्याबरोबर विकायला काढलेला मनगटी पट्टा स्नायूंचे संकेत वाचतो, आणि हजारो माणसांच्या नोंदींवर तो आधीच शिकवलेला आहे. नव्या माणसाने चढवला की चालू. सोय म्हणून हे उत्तम आहे. पण चिमूट, टिचकी, बोट सरकवणं या आज्ञा आहेत, आणि मंचावर आज्ञेपेक्षा दोन आज्ञांच्या मधली जागा महत्त्वाची असते. मींड ओळखायची नसते, घ्यायची असते. शिवाय हाताखाली आपोआप बदलत राहणारं वाद्य कधीच हाती बसत नाही. यंत्राचं शिकणं उपयोगी पडतं ते एकदा शिकवून बंद केलं तर. लेटिशिया सोनामी यांनी हातमोज्यानंतरच्या आपल्या वाद्यासाठी वेकिनेटर वापरलं, यावरून या दोन गोष्टींचं वैर नाही हे दिसतं.

दुसरा आक्षेप माझ्या मनाला अधिक लागणारा आहे. रियाज, कौशल्य, दशकं ही धडधाकट शरीराची भाषा झाली. ज्याला तार दाबताच येत नाही त्याचं काय? इंग्लंडचे संगीतकार क्रिस हॅल्पिन यांना सेरेब्रल पाल्सीमुळे गिटार आणि पियानो दिवसेंदिवस अवघड होत गेलं. मिमू हातमोज्यांनी त्यांना पुन्हा मंचावर गाता-वाजवता आलं, कारण कोणती हालचाल कशाला जोडायची हे त्यांच्या शरीराच्या बेताने ठरवता येतं. या एका उपयोगासाठीही हे सगळं तंत्रज्ञान टिकवण्यासारखं आहे. पण टिकवण्यासारखं आहे, हाच तर मुद्दा. ज्याच्याकडे दुसरं वाद्य आहे त्याला मोजा बंद पडल्याने हळहळ वाटेल. ज्याच्याकडे नाही त्याचा आवाज जाईल. जोडणी शरीराप्रमाणे बदलता यावी आणि बदलल्यावर ती तशीच राहावी, या दोन्ही गोष्टींची सर्वाधिक गरज अशा कलावंतालाच आहे.

आपल्याकडच्या संगीताचा या चर्चेशी संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. ख्याल गाणाऱ्याचे हात सतत चालू असतात. मॅथ्यू राहेम यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात या हातांचा बारकाईने अभ्यास केला आहे. शिष्याच्या हातांत गुरूच्या हातांची लकब उतरते, आणि ती कुणी मुद्दाम शिकवलेली नसते, हे त्यातलं निरीक्षण गाणं ऐकणाऱ्या कुणालाही पटेल. यावरून गायकाला मोजा चढवून त्या लकबीतून तानपुऱ्याचा घुमारा किंवा पडद्यावरची चित्रं चालवावीत, असा विचार सहज सुचतो. मला तो चुकीचा वाटतो. तो हात मोकळा आहे म्हणूनच सुराचा पाठलाग करतो. त्याच्यावर काम सोपवलं की तो कळ दाबणारा हात होईल. अजय कपूर यांचा इलेक्ट्रॉनिक सतारीचा प्रयोग याहून विवेकी आहे. अंगठ्याचा दाब, पडद्यावरचं बोट, आणि डोक्यावरच्या सेन्सरवरून मानेची हालचाल मोजून ते संगणकाला देतात, पण सतार सतारच राहते. सेन्सर बंद पडले तरी मैफल थांबत नाही, आणि आधीच्या वर्षांचा रियाज वाया जात नाही.

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर अशा उपकरणांना जागा मिळायची तर तिच्या चालीरीती आधी पाहाव्या लागतील. दुपारी एका गावी, रात्री दुसऱ्या गावी प्रयोग. नाटकाची बस पोचल्यावर नेपथ्य लावायला, प्रकाशयोजना बांधायला मोजके तास. प्रत्येक नाट्यगृहाची वीज आणि लोखंड निराळं. दर प्रयोगाला तासभर नव्याने मोजमाप करून घ्यावा लागणारा सूट इथे दुसऱ्या आठवड्यात विंगेत पडून राहील. अंगावर घालायचं एक उपकरण मात्र आपल्या नटांनी केव्हाच स्वीकारलं आहे, ते म्हणजे कॉलर माइक. त्याची बॅटरी कोण बदलतो, तार कुठून न्यायची, घामापासून कसं वाचवायचं, हे सगळं बॅकस्टेजच्या माणसांना तोंडपाठ आहे, कारण ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं. हालचालीवर चालणारं काही आणायचं तर सुरुवात तिथून करता येईल: मनगटावर एकच सेन्सर, त्याला एकच काम, आणि ते शंभर प्रयोगांपर्यंत न बदलण्याचा करार. रचना खुली असावी. मार्को डोनारुम्मा यांनी स्नायूंचा नाद पकडणाऱ्या आपल्या उपकरणाचा आराखडा २०११ च्या सुमारास खुला केला, तसं केलं तर तुटलेला भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन आणता येतो आणि संध्याकाळच्या प्रयोगाआधी झाळून बसवता येतो. संस्थांनी आणि निर्मात्यांनी पैसे द्यायचे असतील तर ते नव्या उपकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीला देऊ नयेत. पहिल्याच उपकरणाचे दोन जादा संच, ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, आणि नटाला किंवा नर्तिकेला तालमीच्या हॉलमध्ये त्याच्याबरोबर तीन वर्षं, यावर ते खर्च व्हावेत.